खांद्याला झेपेल तीच बंदूक: सेलूसची चार-बोअर, बेलची माउझर आणि कॉर्बेटची .२७५ रिग्बी

१/
१९०७ साली कुमाऊँमधील चंपावतजवळ एक वाघीण मारली गेली. जिम कॉर्बेट यांच्या नोंदीनुसार तिने नेपाळात सुमारे २०० आणि भारतात २३६, असे एकूण ४३६ बळी घेतले होते. कॉर्बेट यांनी तिचे तोंड तपासले तेव्हा उजव्या बाजूचे दोन्ही सुळे तुटलेले आढळले. वरचा निम्म्यावर तुटला होता आणि खालचा पार हाडापर्यंत. ही जुन्या गोळीची जखम होती. हरीण-सांबर धरणे अशक्य झाल्याने ती माणसांकडे वळली, असा त्यांचा निष्कर्ष होता.

२/
ती गोळी झाडणाऱ्याचे नाव इतिहासात नाही. गोळी चार-सहा इंच इकडेतिकडे लागली आणि जनावर जखमी होऊन निसटले, एवढेच त्या तुटक्या सुळ्यांवरून कळते. शिकारीच्या जुन्या इतिहासात बंदुकीची ताकद, नळीची जाडी आणि गोळीचे वजन यांची वर्णने पानोपानी सापडतात. गोळी नेमकी का चुकते, याचा विचार मात्र फार उशिरा सुरू झाला. त्याच्या उत्तराचा मोठा भाग बंदुकीच्या पुढच्या टोकाला नसून मागच्या टोकाला, म्हणजे दस्ता जिथे खांद्याला टेकतो तिथे आहे.

३/
थोडे भौतिकशास्त्र इथेच पाहून घेतलेले बरे. गोळी आणि जळणाऱ्या दारूचा वायू जेवढ्या संवेगाने पुढे जातात, तेवढाच संवेग बंदुकीला मागे मिळतो. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाचे हे सर्वांत दणदणीत प्रात्यक्षिक म्हणावे लागेल. संवेग तोच ठेवून बंदूक निम्म्या वजनाची केली, तर खांद्यावर येणारी ऊर्जा दुप्पट होते. बंदूक तीच ठेवून संवेग दुप्पट केला, तर ऊर्जा चौपट होते. शिकारी जगात ही ऊर्जा फूट-पौंडांत मोजतात. एक पौंड वजन एक फूट उचलण्यास लागते ती ऊर्जा म्हणजे एक फूट-पौंड.

४/
काही ढोबळ आकडे पाहू. साडेसात पौंडांच्या, म्हणजे सुमारे ३.४ किलोच्या रायफलीतून ७×५७ माउझरचे काडतूस उडवले की खांद्यावर साधारण १४ फूट-पौंड येतात. व्हिक्टोरियन सैन्याच्या मार्टिनी-हेन्रीचा धक्का वीसच्या वर जातो. दहा पौंडी दुनळी .४५०/४०० रायफलीचा धक्का चाळिशीच्या आसपास असतो आणि हत्तीसाठी घेतल्या जाणाऱ्या .४७० चा साठीच्या घरात. पहिल्या आणि शेवटच्या आकड्यांत चौपटीहून अधिक अंतर आहे.

५/
खांदा दुखतो ही यातली लहान गोष्ट. खरे नुकसान बार उडण्याआधीच होते. दोन-चार वेळा जोराचा मार बसला की शरीर ते लक्षात ठेवते. पुढच्या वेळी चाप ओढताना डोळे मिटतात, खांदा आपसूक पुढे रेटला जातो आणि बोट चाप हळू न दाबता हिसडा देते. नळीचे टोक एखाद्या मिलिमीटरने हलले तरी शंभर यार्डांवर गोळी काही इंच दूर जाते. नेमबाज याला ‘फ्लिंच’ म्हणतात. बहुतेकांना आपल्याला ही सवय लागली आहे हे कळतही नाही. दुसऱ्या कोणी रायफलीत गुपचूप रिकामे काडतूस भरून दिले की मगच ती उघडी पडते.

६/
या सवयीचा देहाच्या आकाराशी संबंध असतो, पण तेवढाच नसतो. लहान बांध्याच्या माणसाला तोच धक्का जास्त लागतो, कारण मागे ढकलले जाणारे वस्तुमान कमी असते आणि बाजारातला दस्ता त्याच्या हातांच्या मापाचा नसतो. तरीही धिप्पाड माणसे फ्लिंचची शिकार होतात, तर काही किरकोळ माणसे तसाच मार सहज सोसतात. आवाजही यात सामील असतो, कारण कानावरचा आघात आणि खांद्यावरचा आघात मेंदू एकत्रच नोंदवतो.

७/
आता थोडे मागे जाऊ. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोठ्या जनावरासाठी जड गोळी हाच एकमेव उपाय होता. काळ्या दारूने गोळीला फार वेग देता येत नसे, म्हणून वजन वाढवावे लागे. ‘चार-बोअर’ म्हणजे एक पौंड शिशाच्या चार समान गोळ्या केल्यास त्यातील एक मावेल अशी नळी. ती गोळी ४ औंसांची, म्हणजे ११३ ग्रॅमची असे. ‘दोन-बोअर’ची अर्ध्या पौंडाची.

८/
नाईलचा शोधक सॅम्युअल बेकर यांच्याकडे अशी एक दोन-बोअर होती. ती अर्ध्या पौंडाचा स्फोटक गोळा फेके आणि तिचे वजन सुमारे २० पौंड होते. तिचे लाडके नाव ‘बेबी’. १८६१-६२ मध्ये अ‍ॅबिसिनियाच्या सीमेवर बेकर तिला घेऊन हिंडत होते, तेव्हा त्यांच्या अरब साथीदारांनी तिला ‘तोफेचे पोर’ अशा अर्थाचे नाव दिले. बेकर स्वतः आडदांड गृहस्थ होते. तरीही बार उडाला की आपण वाऱ्यातल्या वातकुक्कुटासारखे गरकन फिरतो, असे त्यांनी मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. तिला हात लावायला ते बिचकत. ज्या शस्त्राची मालकाला जनावराइतकीच भीती वाटते, त्याला शिकारीचे शस्त्र म्हणणे कठीण आहे.

९/
फ्रेडरिक सेलूस यांची कहाणी अधिक बोलकी आहे. १८७१ मध्ये एकोणीस वर्षांचे सेलूस दक्षिण आफ्रिकेत उतरले. पुढे माटाबेले प्रदेशात त्यांनी बर्मिंगहॅमच्या आयझॅक हॉलिस यांच्या दोन साध्या चार-बोअर बंदुका वापरल्या. या बंदुका ठासणीच्या, आतून गुळगुळीत नळीच्या आणि वजनाने साडेबारा पौंडांच्या आसपास होत्या. इतक्या मोठ्या गोळीसाठी ते वजन फारच कमी. साधे गणित केले तरी धक्का शंभर फूट-पौंडांच्या बराच पुढे जातो.

१०/
शिवाय दारू मोजून भरायची शिस्त नव्हती. व्यापारी मालाची भरड दारू चामड्याच्या पिशवीत सुटी असे आणि हत्तीमागे धावता धावता मूठभर नळीत ओतली जाई. एकदा बार फुसका गेला. बंदूक वाहणाऱ्या साथीदाराने आधीची दारू आतच आहे हे न जाणता दुसरी दारू आणि गोळी ठासून बंदूक सेलूस यांच्या हाती दिली. पुढचा बार उडाला तेव्हा सेलूस जमिनीवरून उचलले गेले, गर्रकन फिरले आणि चेहरा रक्तबंबाळ करून खाली पडले.

११/
या बंदुकांनी त्यांनी तीन वर्षांत ७८ हत्ती मारले, म्हणजे शस्त्र निकामी नव्हते. पण १८८१ च्या ग्रंथात त्यांनी एक कबुली दिली, आणि त्या काळच्या मर्दुमकीच्या साहित्यात ती दुर्मीळ आहे. या बंदुकांच्या धक्क्याने आपल्या मज्जातंतूंवर कायमचा परिणाम झाला, पुढे हलक्या बंदुकीनेही नेम बिघडू लागला, आणि त्या कधी हाती घेतल्याच नसत्या तर बरे झाले असते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. धक्क्याने कायमचा बिघडलेला नेम नामवंत शिकाऱ्याने स्वतःहून नोंदवल्याचे याहून ठळक उदाहरण शोधावे लागेल. पुढे ते हलक्या आणि अचूक .४६१ गिब्ज रायफलीकडे वळले.

१२/
एक मुद्दा सहसा नजरेआड होतो. ठासणीच्या बंदुकीत धक्का किती घ्यायचा हे बंदूकधारी स्वतः ठरवू शकत असे. दारू थोडी कमी ओतली की काम झाले. लहान मुलाला बंदूक शिकवताना निम्मी दारू भरली जाई. कारखान्यात बनलेले पितळी काडतूस आले आणि ही निवड हातातून गेली. आता धक्का काडतुसात बंद होऊन येऊ लागला. निवड करायची तर ती दुकानाच्या काउंटरवरच, एकदाच.

१३/
ती निवड अर्थपूर्ण झाली एका फ्रेंच रसायनशास्त्रज्ञामुळे. १८८४ मध्ये पॉल व्हिएल यांनी बिनधुराची दारू तयार केली आणि १८८६ ची लेबेल रायफल तिच्यावर उभी राहिली. कमी दारूत जास्त वेग मिळू लागला. त्यामुळे गोळी बारीक करता आली. बारीक आणि लांब गोळी मांस-हाडांत सरळ आणि खोल जाते. जाड शिशाच्या गोळ्याला वजनाच्या जोरावर जे जमत होते, ते आता सडपातळ गोळीला वेग आणि आकाराच्या जोरावर जमू लागले.

१४/
पॉल माउझर यांच्या ओबर्नडॉर्फच्या कारखान्यातून १८९० च्या दशकाच्या आरंभी ७×५७ हे काडतूस बाहेर पडले. सात मिलिमीटर हा नळीचा व्यास आणि ५७ मिलिमीटर ही पितळी कवचाची लांबी. स्पेनने १८९३ च्या नमुन्याची रायफल या काडतुसासाठी स्वीकारली. १ जुलै १८९८ रोजी क्युबातील सॅन हुआन टेकडीवर मूठभर स्पॅनिश सैनिकांनी याच रायफलींनी कितीतरी पट मोठ्या अमेरिकन फौजेचे मोठे नुकसान केले. पुढच्याच वर्षी बोअर शेतकऱ्यांच्या हातांतील माउझरने ब्रिटिशांनाही तोच धडा दिला.

१५/
ज्या काडतुसाने आपल्याला झोडपले, तेच ब्रिटिशांनी शिकारीसाठी उचलले. लंडनच्या जॉन रिग्बी आणि कंपनीने माउझरची यंत्रणा घेऊन नाजूक, नीटस शिकारी रायफली बनवल्या आणि काडतुसाला इंग्रजी नाव दिले, ‘.२७५ रिग्बी’. गोळीचा खरा व्यास .२८४ इंच. .२७५ हा आकडा नळीतील पीळदार खोबणींच्या उंचवट्यांमधील अंतरावरून आला. मेट्रिक नावाची जर्मन वस्तू लंडनच्या ग्राहकाला खपवायची, तर एवढे बारसे आवश्यक होते.

१६/
भारतात या काडतुसाला आणखी एक अनुकूलता होती. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ब्रिटिश सरकारने भारत आणि सुदानमध्ये .४५० बोअरच्या काडतुसांवर बंदी घातली. बंडखोरांच्या हाती पडलेल्या जुन्या मार्टिनी-हेन्री त्यांनी पुन्हा जिवंत होतील, अशी भीती होती. लष्करी .३०३ वरही खासगी वापरासाठी निर्बंध होते. .४७० सारखी नवी नावे या बंदीतूनच जन्माला आली. ७ मिलिमीटर हे काही ब्रिटिश लष्करी माप नव्हते, म्हणून त्याला वाट मोकळी होती. आधी १८७८ च्या शस्त्र कायद्याने सामान्य भारतीयाला बंदूक बाळगणे अवघड केलेच होते. त्यामुळे ही सारी निवड साहेब, संस्थानिक आणि मोजके परवानाधारक यांच्यापुरतीच होती, हे विसरून चालणार नाही.

१७/
या हलक्या काडतुसाची कीर्ती शिगेला नेली ती वॉल्टर डॅलरिम्पल मेटलंड बेल या स्कॉटिश माणसाने. जन्म १८८०. युगांडातील करामोजा प्रदेशावरून ‘करामोजो बेल’ हे नाव पडले. त्यांनी हजाराहून अधिक हत्ती मारले आणि त्यांतील बहुसंख्य याच ७×५७ ने. आज हा आकडा वाचवत नाही. हस्तिदंताच्या व्यापाराने आफ्रिकेचे जे केले, त्याचाच तो एक हिशेब आहे. तरीही बंदुकीच्या इतिहासात बेल टाळता येत नाहीत.

१८/
बेल यांनी मेलेल्या हत्तीची कवटी करवतीने उभी कापून मेंदू नेमका कुठे आहे ते पाहिले, आकृत्या काढल्या, आणि कोणत्या कोनातून कोणता बिंदू धरायचा हे पाठ केले. हत्तीचे डोके प्रचंड असले तरी मेंदू त्यामानाने लहान, मागच्या बाजूला आणि पोकळ हाडांच्या जाळीत दडलेला असतो. तिथे १७३ ग्रेनची, म्हणजे ११ ग्रॅमची, कठीण कवचाची न फुटणारी लांब गोळी पोहोचली की हत्ती जागीच बसतो. न पोहोचल्यास चौपट जड गोळीही त्याला फक्त जखमी करते.

१९/
बेल यांच्या यशाचे सोपे भाषांतर ‘बारीक बंदूकही पुरते’ असे झाले आणि त्याने बरेच नुकसान केले. त्यांच्याकडे शरीररचनेचे ज्ञान होते, उत्तम जर्मन काडतुसे होती, मोकळा माळ होता आणि विलक्षण नजर होती. हलका धक्का त्या सर्वांना वाव देत होता. दुसरी गोळी झाडताना रायफल खांद्यावरून हललेली नसे आणि नजर लक्ष्यावरून उडालेली नसे. हे गुण नसलेल्यांनी तोच प्रयोग केला तेव्हा जखमी हत्ती झाडीत गेले आणि काही माणसे परत आली नाहीत. पुढे आफ्रिकेतील अनेक प्रदेशांनी धोकादायक जनावरांसाठी .३७५ ही किमान मर्यादा घातली. हा निर्णय योग्यच होता. कायदा बेलसाठी लिहायचा नसतो.

२०/
आता पुन्हा कुमाऊँत. कॉर्बेट यांचा जन्म १८७५ चा, नैनितालचा. त्यांची पहिली बंदूक म्हणजे एक नळी फुटलेली, दस्ता पितळी तारेने बांधलेली ठासणीची दुनळी. दहाव्या वर्षी ते नैनितालच्या स्वयंसेवक कॅडेट पथकात दाखल झाले. तिथे त्या पोराच्या हाती आली .४५० मार्टिनी. जवानांचेही खांदे काळेनिळे करणारी म्हणून ही जात सैन्यात कुप्रसिद्ध होती. नळीत काजळी साठत गेली की धक्का आणखी वाढे. याच मार्टिनीने त्यांनी आपला पहिला बिबळ्या मारला.

२१/
चंपावतच्या वेळी त्यांच्याकडे .५०० ची जड रायफल होती आणि खिशात मोजून तीन काडतुसे. ती संपली तरी वाघीण उभीच होती. शेवटी धावत जाऊन तहसीलदारांची बंदूक मागून घेतली आणि तिने शेवट झाला. या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांतांचे नायब राज्यपाल सर जॉन हेवेट यांनी त्यांना .२७५ रिग्बी भेट दिली. दस्त्यावरील चांदीच्या पट्टीवर चंपावत आणि १९०७ हे दोन्ही कोरलेले आहेत. हेवेट यांनी धक्क्याचा विचार करून ही रायफल निवडली असे मानण्याचे कारण नाही; त्या काळी ती एक प्रतिष्ठित, चांगली भेटवस्तू होती. पण ती योग्य हातांत पडली.

२२/
कॉर्बेट यांनी जड रायफल टाकून दिली नाही. जखमी वाघामागे झाडीत जाताना ते दुनळी .४५०/४०० घेत. मैलोन्‌मैल चढउतार चालायचे असेल किंवा एकच अचूक गोळी पुरेशी असेल, तेव्हा रिग्बी. २ मे १९२६ च्या रात्री गुलाबराईच्या आंब्यावर बसून त्यांनी रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबळ्या मारला. सरकारी नोंदीत त्याच्या नावावर १२५ बळी होते. विजेरीचा उजेड क्षणभर पडला, एक गोळी सुटली आणि विजेरी विझली. हे काम रिग्बीचेच.

२३/
पण या रायफलीचा खरा हिशेब ११ एप्रिल १९३० च्या दुपारी झाला. चौगढच्या वाघिणीने सरकारी आकड्यानुसार ६४ माणसे मारली होती. कॉर्बेट दोन माणसांसह एका नाल्यातून उतरत होते. वाटेत रातव्याच्या घरट्यात वेगळीच अंडी दिसली. अंडी जमवण्याचा छंद होता, म्हणून दोन अंडी डाव्या हातात घेतली. एका मोठ्या शिळेला वळसा घालून त्यांनी मागे पाहिले, तर अवघ्या आठ फुटांवर वाघीण झेप घेण्याच्या पवित्र्यात, थेट डोळ्यांत पाहत.

२४/
रायफल उजव्या हातात, छातीवर आडवी, नळीचे तोंड वाघिणीच्या विरुद्ध दिशेला. झटकन वळणे म्हणजे झेप ओढवून घेणे. कॉर्बेट यांनी एका हाताने रायफल हळूहळू फिरवायला सुरुवात केली. वर्तुळाचा पाऊण भाग पार करायचा होता. हालचाल इतकी मंद की वाघिणीला ती जाणवू नये. हात पूर्ण ताणला गेला, नळी तिच्या अंगावर आली आणि त्यांनी एका हातानेच चाप ओढला. गोळी लागताच ती हळूच पुढच्या पंजांवर डोके टेकून निवली.

२५/
या प्रसंगाचे विश्लेषण कॉर्बेट यांनी स्वतः केले आहे आणि ते वाचण्यासारखे आहे. वरवर प्रतिकूल भासणाऱ्या तीन गोष्टींनी आपल्याला वाचवले असे ते म्हणतात: डाव्या हातातील अंडी, हलकी रायफल, आणि जनावर नरभक्षक असणे. अंडी नसती तर दोन्ही हात रायफलीवर गेले असते आणि ते सहजप्रवृत्तीने गर्रकन वळले असते. रायफल जड असती तर एका हाताने ती इतकी सावकाश फिरवून हात ताणून झाडताच आली नसती. दहा पौंडांची, चाळीस फूट-पौंड धक्का देणारी .४५०/४०० त्या जागी कल्पून पाहावी. (अंडी त्यांनी नंतर घरट्यात परत ठेवली.)

२६/
मग लहान बांध्याच्या किंवा धक्क्याला बिचकणाऱ्या माणसाने बंदूक निवडावी कशी? जुन्या बंदूककारांची पद्धत आजही शहाणपणाची वाटते. व्हिक्टोरियन इंग्लंडमधील दुकानांत ‘ट्राय-गन’ नावाची बंदूक असे. तिचा दस्ता बिजागऱ्या आणि स्क्रूंनी लांब-आखूड, वर-खाली करता येई. शिंप्याने अंगरखा बेतावा तसा दस्ता बेतला जाई. कारण दस्ता लांब असेल तर तो खांद्याच्या खोबणीत न बसता दंडावर सरकतो, मान पुढे ताणावी लागते, आणि मग माफक धक्काही गालफडावर थोबाडीत मारल्यासारखा बसतो. सैल धरलेली बंदूक घट्ट धरलेल्या बंदुकीपेक्षा जास्त लागते, ही गोष्ट नवख्यांना उलटी वाटते.

२७/
वजनाचा मुद्दा तर हमखास चुकवला जातो. लहान माणसाला हलकी बंदूक द्यावी, असे कोणालाही वाटेल. पण ७×५७ ची रायफल साडेसातवरून साडेसहा पौंडांवर आणली तर धक्का १४ वरून १६ फूट-पौंडांवर जातो. खांद्यावर वागवायला सोपी झालेली बंदूक झाडायला कठीण होते. म्हणून आधी काडतूस माफक घ्यावे आणि मग बंदूक झेपेल इतपतच हलकी करावी, हा क्रम. काडतूस जबर ठेवून लाकूड-लोखंड कापत जाणे हा विक्रेत्यांचा क्रम आहे. दस्त्याच्या टोकाला रबरी गादी लावण्याची युक्तीही व्हिक्टोरियन काळातलीच. लंडनच्या सिल्व्हर कंपनीची तांबूस गादी जुन्या बंदुकांवर आजही दिसते. ती धक्का कमी करत नाही, पण तो अधिक वेळात आणि अधिक जागेवर पसरवते. नळीच्या तोंडाशी छिद्रे पाडलेले आधुनिक ब्रेक धक्का खरोखर कमी करतात, पण त्याची किंमत शेजाऱ्याच्या कानांना मोजावी लागते.

२८/
अमेरिकेत या विचाराला घराघरांत नेले ते जॅक ओ’कॉनर यांनी. ‘आउटडोअर लाइफ’ मासिकाचे ते दीर्घकाळ शस्त्र-संपादक होते. त्यांचे स्वतःचे नाव .२७० विंचेस्टरशी जोडले गेले. त्यांच्या पत्नी एलेनॉर यांचे ७×५७ शी. एलेनॉर लहान चणीच्या होत्या. बायकांना दुय्यम बंदूक म्हणून हे काडतूस त्यांच्या हाती आले नव्हते. ते नेमके मारते म्हणून त्यांनी ते अनेक वर्षे, एकाहून अधिक खंडांत वापरले. त्याआधी पाच फूट उंचीच्या अ‍ॅनी ओकली यांनी (१८६०–१९२६) अंगाला साजेशा बंदुकांनी भल्याभल्या पुरुष नेमबाजांना हरवले होतेच. तरी ‘बायकांची रायफल’ हे विशेषण पुढेही हेटाळणीने वापरले गेले. तेच काडतूस बेल यांच्या हातात असताना ते कोणाला सुचले नाही.

२९/
भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद झाली. त्यामुळे इथल्या वाचकासाठी ही चर्चा इतिहासाची आहे, किंवा फार तर नेमबाजीच्या मैदानाची. मैदानावरही नवख्याला पहिल्याच दिवशी जबर काडतूस हाती देण्याची हौस दिसते. मग त्याचा नेम सुधारण्यात महिने जातात.

३०/
कॉर्बेट १९४७ मध्ये केनियाला गेले आणि १९५५ मध्ये न्येरी येथे वारले. त्यांची .२७५ रिग्बी पुढे त्यांच्या प्रकाशकांकडे, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडे आली. २०१५ मध्ये ती रिग्बी कंपनीने मिळवली आणि पुढच्या वर्षी ती थोड्या दिवसांसाठी भारतात आणली गेली. दस्त्यावरची पट्टी अजून जागेवर आहे. तीवर वाघिणीचा आणि चंपावतचा उल्लेख आहे. तिच्या तुटलेल्या सुळ्यांचा नाही.